बुडबुडा एक, मासे पाच

मासे तिरके झाले आहेत, हे रविवारी सकाळी जावईबापूंच्या लक्षात आलं. ते शाळेत भूमिती शिकवत असल्यामुळे घाबरण्याआधी त्यांनी कोनमापक आणला. टाकीतले पाचही मासे, ताटलीसारखे चपटे आणि अंगावर काळे पट्टे असलेले, खाऊच्या आशेने काचेशी तोंड लावून उभे होते. आणि पाचही जण डावीकडे कलले होते.

"वीस अंश," काचेला कोनमापक लावून जावईबापू म्हणाले. "बाबा, टेबल वाकडं आहे."

सासरे समोरच चहा पीत बसले होते. ते सुतार. टाकीखालचं टेबल त्यांनीच लेकीसाठी केलेलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं पहिलंच काम. "बाबा, आता पुरे, हत्यारं माळ्यावर टाका," असा लेकीचा रोजचा धोशा होता. "हे टेबल वाकडं निघालं, तर टाकीन," असं एकदा वैतागून तेही बोलून बसले होते. आता त्यांनी कप खाली ठेवला.

"कालपर्यंत सरळ होते की!"

"काल कुणी निरखून बघितलंय? टाकीवरची ट्यूब गेली, म्हणून आज हा टेबललॅम्प लावला, तेव्हा दिसलं."

लॅम्प टाकीच्या डावीकडच्या फळीवर होता. ही फळी जावईबापूंनी स्वतःच्या हाताने लावली होती आणि ती दाखवल्याशिवाय ते पाहुण्याला बसू देत नसत. ऊन लागलं की पाणी हिरवं होतं म्हणून खोलीचे पडदे ओढलेले असायचे. उजेड काय तो त्या लॅम्पचाच.

सासऱ्यांनी पिशवीतून पाणसळ काढली आणि टेबलावर ठेवली. नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला.

"बघा. सरळ आहे."

"बुडबुडा एक आहे, बाबा. मासे पाच आहेत."

यावर सासऱ्यांनी पाणसळ उचलून डोळ्यांजवळ धरली. पाणसळही त्यांच्याइतकीच जुनी होती. तिचीही नजर गेली असेल, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं. त्यांनी निमूटपणे दोन पाचरी तासल्या. जावईबापूंनी धापा टाकत टेबलाची डावी बाजू उचलली, सासऱ्यांनी डाव्या पायांखाली पाचरी सारल्या.

मासे डावीकडेच कललेले.

"अजून लागेल. उंची काढून देतो," असं म्हणून जावईबापूंनी कागदावर त्रिकोण काढला. दुसऱ्या पाचरी गेल्या. मासे ढिम्म. तिसऱ्या पाचरी गेल्या, तेव्हा टाकीतलं पाणी उजव्या काठावरून थेट जावईबापूंच्या चपलेत पडू लागलं.

आवाज ऐकून लेक आतून धावत आली. "अहो, काय चाललंय हे? बाबा, तुम्हीसुद्धा?"

"टेबल वाकडं झालंय गं," सासरे खाली मान घालून म्हणाले. "हत्यारं टाकतो माळ्यावर."

तिने पटकन लॅम्प उचलला आणि पाणी कुठून गळतंय ते बघायला टाकीच्या उजवीकडे धरला. पाचही मासे एकदम हलले, सरळ झाले आणि सावकाश उजवीकडे कलले.

"आता उजवीकडे!" जावईबापू ओरडले आणि उजव्या पायांखाली घालायला पाचर शोधू लागले.

"थांबा हो," सासऱ्यांनी त्यांचा हात धरला. लेकीकडून लॅम्प घेऊन त्यांनी तो पुन्हा डावीकडे नेला. मासे डावीकडे. उजवीकडे नेला. मासे उजवीकडे. मग त्यांनी श्वास रोखून लॅम्प टाकीच्या बरोबर वर धरला. पाचही मासे शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे ताठ झाले. पाणी मात्र काचेवर तिरकं दिसत होतं.

"अरेच्चा! उजेड जिकडे, तिकडे यांचं वर," सासरे पुटपुटले. त्यांचा हात दुखायला लागला, तरी लॅम्प खाली येईना. लहान मुलासारखे ते तो पुढे-मागे नेऊन बघत होते.

"आणि सकाळी पाण्याकडे कुणी बघितलंच नाही का?" लेक म्हणाली. "टेबल वाकडं असतं, तर पाणी तेव्हाही काचेवर असंच तिरकं दिसलं असतं ना?"

दोघंही खाली वाकून पाचरी ओढू लागले.

पाचरी निघाल्या. सासऱ्यांनी पुन्हा टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. लेकीने ते पाहिलं. हत्यारांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

जाता जाता, सहज म्हणून, त्यांनी पाणसळ शेजारच्या फळीवर ठेवली. बुडबुडा तडक एका टोकाला जाऊन बसला.

जावईबापूंनी बुडबुड्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि लॅम्प उचलून ते हळूच म्हणाले, "बाबा, जरा दुसऱ्या बाजूने उजेड दाखवून बघू का?"