एका पोच्याचे प्रमाणीकरण

वजनमापे कार्यालयातील कनिष्ठ तपासनीसबाई रोज जेवणाच्या सुट्टीत एका मगाचे चित्र काढतात, ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास आली तेव्हा तिचा कोणालाही त्रास होत नव्हता. त्यामुळे तिच्यात लक्ष घालणे आवश्यक होते.

मग अल्युमिनियमचा होता, बाईंच्या वडिलांचा. निवृत्तीनंतर वडिलांनी चित्रकलेचा ध्यास घेतला आणि तो या एका मगापुरताच ठेवला. सकाळचा चहा मगात पडला की ते पेन्सिल उचलत, मान तिरकी करत आणि चहा गार होईपर्यंत मग रेखाटत बसत. मगाच्या पोटाला एक पोचा होता. तो त्यांना शेवटपर्यंत साधला नाही. कधी तो रस्त्यावरच्या खड्ड्यासारखा उतरे, कधी दाढ काढलेल्या माणसाच्या गालासारखा. "आज नाही जमला," असे म्हणून ते गार चहा एका दमात पिऊन टाकत.

"रोज तोच मग. कंटाळा कसा येत नाही हो तुम्हाला?" आई विचारी.

"तो रोज वेगळा दिसतो."

"मीही रोज वेगळी दिसते. माझं चित्र काढायला कधी बसला नाहीत."

"तू हलतेस."

पोचा आईनेच पाडलेला होता. स्वयंपाकघराला कोणता रंग द्यावा याविषयी झालेल्या एका चर्चेत तिने मग वडिलांच्या दिशेने फेकला होता आणि नेम चुकला होता. स्वयंपाकघर तिच्या पसंतीप्रमाणे फिकट हिरवे झाले.

वडील गेले. पेन्सिल, मग आणि न जमलेला पोचा मागे राहिला. तपासनीसबाईंना चित्रकलेचे अंग नव्हते. शाळेत त्यांनी काढलेल्या सफरचंदाखाली 'कांदा छान' असा शेरा मिळाला होता. तरीही त्यांनी मनाशी ठरवले की रोज एक चित्र काढायचे आणि हा पोचा एकदा तरी कागदावर उतरवायचा. घरी काढायला बसल्या की आई समोर येऊन बसे आणि काहीच बोलत नसे. आई काहीच बोलत नाही हे बाईंना झेपेना. म्हणून वडिलांचा मग डब्याच्या पिशवीतून कार्यालयात आला.

हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. हात पुसत पुसत ते एक दिवस बाईंच्या टेबलापाशी थांबले.

"काय काढताय?"

"मग."

"आणि काल?"

"मग."

"परवा?"

"भाऊसाहेब, मगच."

"म्हणजे प्रगती नाही," असे म्हणून भाऊसाहेब थेट साहेबांकडे गेले.

साहेब नुकतेच तणावमुक्तीचे प्रशिक्षण घेऊन आले होते आणि तेव्हापासून फार तणावात होते. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक छंद असावा, असे तिथे सांगण्यात आले होते आणि कार्यालयात छंद शिल्लक नव्हता. आता तो आयताच सापडला. दुसऱ्याच दिवशी 'दैनंदिन रेखाटन सराव उपक्रम' लागू झाला. आवड असो वा नसो, प्रत्येकाने रोज एक चित्र काढायचे. आवड नसणाऱ्यांनी ती कार्यालयीन वेळेत निर्माण करून घ्यायची.

सुरुवातीला लोकांनी मनाला येईल ते काढले. कुणी पंखा काढला. टंकलेखिकेने साहेबांचे टक्कल काढले आणि चौकशीच्या वेळी तो ग्रह असल्याचे सांगितले. भाऊसाहेबांनी पट्टी घेऊन एक आडवी रेघ मारली आणि खाली 'क्षितिज' असे लिहिले. पण ग्रह बरा की क्षितिज, हे ठरेना. ज्याची तुलना करता येत नाही ते अस्तित्वातच नाही, अशी वजनमापे कार्यालयाची धारणा असते.

"साहेब, चित्राला प्रमाण हवं," भाऊसाहेब म्हणाले. "किलो म्हणजे किती, ते आपल्या काचेच्या कपाटातल्या किलोवरून ठरतं. तसं चित्र बरोबर की चूक, तेही कपाटातल्या एखाद्या वस्तूवरून ठरायला नको का?"

"वस्तू कोणती घ्यायची?"

"सेवाज्येष्ठतेनुसार बाईंचा मगच बसतो."

"साहेब, तो माझ्या वडिलांचा आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर. अनुभवी आहे."

तेव्हा मगाला मोहर लागली आणि तो काचेच्या कपाटात प्रमाण किलो आणि प्रमाण लिटर यांच्यामध्ये जाऊन बसला. ज्याला मग पाहायचा असेल त्याने भाऊसाहेबांकडे लेखी अर्ज करायचा. बाईंनीही केला. परवानगी आली, पण कपाट उघडण्याची नव्हे. काचेवर खिडकीचा उजेड पडत होता आणि पोच्याच्या जागी बाईंना स्वतःचे नाकच दिसत होते. त्यांनी ते काढले. तेही जमले नाही.

एवढ्यात वरिष्ठ कार्यालयाचे निरीक्षक वार्षिक तपासणीला आले. कपाटात मोहरबंद मग दिसताच त्यांनी कर्तव्यबुद्धीने तो बाहेर काढला आणि पाण्याने भरून मापला. पोच्याने आत जेवढी जागा खाल्ली होती तेवढे पाणी कमी भरले. ज्या कार्यालयाने कमी भरणाऱ्या मापासाठी निम्म्या बाजारपेठेला दंड केला होता, त्याच्या कपाटात कमी भरणारा मग निघाला होता.

"हा मग काय मापण्यासाठी आहे?" निरीक्षकांनी विचारले.

"चित्र," साहेब म्हणाले.

"चित्र मापात कमी भरत असेल तर ते जास्तच गंभीर आहे," निरीक्षक म्हणाले आणि शेरा लिहून जेवायला गेले.

कपाटातून मग काढायचा तर वरिष्ठांची मंजुरी लागणार होती. पोचा मगातून काढणे मात्र साहेबांच्या अधिकारात होते. कार्यालयाच्या जीपचे काम करणाऱ्या गॅरेजवाल्याला बोलावण्यात आले.

"असं करू नका, साहेब," बाई म्हणाल्या. "मी त्या पोच्यासाठीच चित्र काढते."

"बाई, दोषासाठी कुणी चित्र काढतं का? आता बघा, तुमचं काम किती सोपं होतं ते."

गॅरेजवाल्याने बाहेरून लाकडी ठोकळा लावला, आतून छोट्या हातोडीने हळूहळू ठोकले आणि वर पॉलिश मारले. "मॅडम, जीपचा आख्खा दरवाजा सरळ केलाय मी, हे तर पोरखेळ," तो म्हणाला आणि त्याने मग बाईंपुढे धरला. "कुठे होता ते सांगून दाखवा."

बाईंनी बोट ठेवून बरोबर जागा दाखवली. "छान झालंय," त्या म्हणाल्या आणि हात स्वच्छ असूनही धुवायला गेल्या.

पोचा गेल्यावर मग बाजारातल्या कोणत्याही मगासारखा दिसू लागला. तसे असेल तर खासगी मालमत्ता कपाटात ठेवण्याचे कारणच काय, असा मुद्दा भाऊसाहेबांनी काढला. भांडारातला एक कोरा मग कपाटात गेला, बाईंचा मग 'अतिरिक्त' ठरवून परत करण्यात आला, आणि सर्वांची चित्रे अचूक यावीत म्हणून कोऱ्या मगाच्या आकृतीचा रबरी शिक्का करून घेण्यात आला. सकाळी हजेरी लावतानाच प्रत्येकजण एक शिक्का मारी आणि त्या दिवसापुरता कलावंत होई. दीर्घ रजेवर असलेल्या लेखापालांचा सराव तर शिपायाने एकदाही चुकू दिला नाही. सातत्याचा पुरस्कार त्यांनाच मिळाला. तो त्यांनी रजेवरूनच स्वीकारला.

उपक्रमात एकच व्यक्ती मागे पडली. बाई अजून हाताने काढत होत्या. भाऊसाहेबांनी त्यांना बोलावून घेतले.

"तुमच्या चित्रात पोचा आहे. वस्तूत नाही."

"मला आठवतो तसा काढते."

"आठवणीला प्रमाण नाही, बाई. बरं, आठवतो तसा तरी येतो का?"

"नाही."

"तर एवढा हट्ट कशाला? शिक्का आहे ना."

त्या संध्याकाळी बाईंनी मग घरी नेला आणि ओट्यावर ठेवला. आईने तो दुरूनच पाहिला.

"हा कुणाचा उचलून आणलास?"

"आपलाच आहे. ऑफिसनं दुरुस्त करून दिला."

आईने मग हातात घेतला. अंगठा पोटावरून एकदा फिरवला, पुन्हा फिरवला आणि एका जागी थांबवला.

"त्यांना विचारलं कुणी होतं?"

"मी नको म्हटलं, आई."

"तुझं कोण ऐकणार. तू बाबांसारखीच बोलतेस, पुटपुटल्यासारखी." आईने पदर खोचला. "सरक जरा. तशी नको, त्या खुर्चीवर बस. ते तिथेच बसले होते."

बाई खुर्चीत बसल्या. आईने मग फेकला. तो बाईंच्या कानाजवळून जाऊन फिकट हिरव्या भिंतीवर आपटला, ओट्यावर नाचला आणि शेगडीखाली जाऊन थांबला.

"या वेळीही चुकला," बाई म्हणाल्या. त्यांचा हात कानावर होता.

"चुकला काय? तेव्हाही बाजूलाच मारायचा होता." आई वाकून शेगडीखालून मग ओढू लागली. "नशीब तो माणूस हलला नाही."

नवा पोचा जुन्या जागी नव्हता. तो खाली, मगाच्या कानाच्या बाजूला पडला होता आणि त्याला मध्येच एक घडी होती. आईने मग धुतला, त्यात चहा ओतला, बाईंसमोर ठेवला आणि स्वतः पलीकडे बसली. बाईंनी पेन्सिल उचलली.

"ती घडी कशी काढणार आहेस?" आईने विचारले.

"बघते."

"ह्यांनी तर घाबरून सोडूनच दिली असती."

चहा गार झाला. कागदावर पोच्याच्या जागी एक सुबक कांदा उतरला होता. "आज नाही जमला," बाई म्हणाल्या आणि चहा एका दमात पिऊन टाकला.

"उद्या काढ," आई म्हणाली. "तो कुठे जातोय."

इकडे कार्यालयाचा उपक्रम पुढेच गेला आहे. शिक्का मारून मारून कर्मचाऱ्यांची मनगटे दुखू लागल्याने नवा आदेश निघाला. रोजच्या रेखाटनाच्या सरावाविषयी काहीही वाचले तर तो त्या दिवसाचा सराव धरावा, असे त्यात स्पष्ट केले आहे, आणि जनहितार्थ ही सवलत कार्यालयाबाहेरच्या नागरिकांनाही दिली आहे. तेव्हा इथवर आलेल्या वाचकांनी निर्धास्त राहावे. त्यांची आजची हजेरी लागली आहे. पेन्सिल शोधत बसण्याचे कारण नाही.