रुखवतातलं क्रियापद

पानवडीत मुलीच्या रुखवतात 'अ‍ॅडजस्ट' हे इंग्रजी क्रियापद द्यावं लागतं, आणि ते आईचंच असावं लागतं. दुकानातलं चालत नाही. अनारसे-चिरोट्यांच्या शेजारी ते स्टीलच्या डब्यात मांडतात, वरमाय झाकण उघडून बघते आणि मगच मंगलाष्टकं सुरू होतात.

वत्सलाबाई तारळेकरांच्या मुलीचं, केतकीचं, लग्न उद्यावर आलं होतं. म्हणून नगरपालिकेचे तपासनीस घोरपडे क्रियापदाचा दाखला द्यायला घरी आले. दाखल्याशिवाय लग्न लागत नाही, हे पानवडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

घोरपड्यांनी डबा उघडला आणि एकेक अर्थ उजेडात धरला.

"बाकावर चौथ्या माणसाला जागा करून देणे. पार झिजलाय. जुना ब्लाउज उसवून पुन्हा बेतणे, हाही कामातून गेला. सासरी निभावून नेणे..." त्या अर्थाच्या आरपार त्यांना समोरची भिंत दिसत होती. "वहिनी, हा किती वर्षं वापरलाय?"

"सत्तावीस. रोज."

दारात उभ्या केतकीचा चेहरा उतरला. पोरीचं लग्न आपल्यापायी मोडणार, या विचाराने वत्सलाबाईंना रडूच यायला लागलं.

"थांबा, तळाशी एक आहे," घोरपडे म्हणाले. "दुसऱ्याने आपल्यासाठी सरकणे. हा तर कोरा करकरीत आहे. वापरला का नाही?"

"वेळच आली नाही कधी." वत्सलाबाई ओशाळल्या. चांगली वस्तू घरात नुसती पडून राहिली, याची त्यांना लाज वाटली.

"एक अर्थ चालू असला तरी नियमात बसतं. पण चाचणी घ्यावी लागेल. माझ्यासमोर."

पंख्याखालच्या खुर्चीत वत्सलाबाईंचे यजमान दामोदरपंत पेपर वाचत बसले होते. ती खुर्ची त्यांचीच, असं कुणी ठरवलेलं नव्हतं. दुसरं कुणी तिच्यात बसलेलंही नव्हतं. वत्सलाबाईंनी अर्थ हातात घेतला आणि पदर सावरला.

"अहो, जरा अ‍ॅडजस्ट करा. मला बसायचंय."

दामोदरपंतांनी पेपर खाली घेतला. बायकोकडे पाहिलं, घोरपड्यांकडे पाहिलं. मग उठून भिंतीकडच्या स्टुलावर जाऊन बसले.

वत्सलाबाई खुर्चीत टेकल्या. वारा थेट मानेवर येत होता. त्यांना फार बरं वाटलं.

घोरपड्यांनी दाखल्यावर शिक्का मारला. केतकीने हुश्श केलं.

"झालं. आता उठा वहिनी. अर्थ डब्यात ठेवू आणि सील करू. वापरात असताना सील करता येत नाही."

"लग्न उद्या आहे ना?"

"उद्या सकाळी."

"मग आज संध्याकाळी या," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

घोरपड्यांनी घड्याळ पाहिलं, वहीत 'वापर चालू' असं लिहिलं आणि चपला घातल्या.