गव्हाची रजा

आमच्या शेजारचे टेंबेकाका गव्हाला रजा देतात. दर मंगळवारी किरकोळ रजा, आणि मार्चमध्ये ऊन लवकर तापलं तर महिनाभराची वैद्यकीय. मंगळवारी सकाळी मी कणीक भिजवायला घेते न घेते तोच जाळीच्या दारातून आवाज येतो, "माधुरी, आज गहू छुट्टीवर आहे हं. परात ठेवून दे."

परात मी ठेवत नाही. मला आठला शाळेत शिकवायला पोचायचं असतं आणि आमच्या तिन्ही डब्यांना पोळीच लागते. पण "हो काका" म्हणते. हिंदी मुलखातल्या थाटीपुरातली आमची सगळीच गल्ली त्यांना हो म्हणते आणि पोळ्या लाटते.

काका एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होते. अडतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या रजा मंजूर केल्या. एकाच आजीच्या निधनासाठी तीनदा रजा मागणारे महाभाग त्यांनी पाहिले आणि तिन्ही वेळा सही केली. निवृत्त झाल्यावर हाताखाली माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी धान्यं घेतली. प्रत्येक धान्याचं सर्व्हिस बुक आहे. मी वाचलंय. "ज्वारी : कष्टाळू. पाणी कमी मागते. वरिष्ठांचे आजवर दुर्लक्ष." "तांदूळ : कामात चोख, पण पाण्याचा फार हट्ट." "राळा : जुना माणूस. पूर्वी आपल्या लोकांकडे भोगीला येत असे. सध्याचा पत्ता माहीत नाही."

हसू येतं, पण त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. "सगळं खातं आज गहू आणि तांदूळ, दोघंच सांभाळताहेत," ते सांगतात. "उद्या लू लवकर आली, गरम वारं सुटलं, दाणा भरायच्या आधीच सुकला, मग? एका बाबूच्या भरोशावर ऑफिस नाही चालत. शेतात चार जातींचं पेरलं तर चार जातींची पाखरं येतात, मधमाश्या येतात. एकाला रोग लागला तर बाकीचे उभे राहतात. याला म्हणतात स्टाफ."

या स्टाफची एक जाडजूड फाईल आहे. वर सुवाच्य अक्षरात लिहिलंय, "थाटीपूरची भोजनव्यवस्था : पुढची पन्नास वर्षे." त्यात घरोघरी नेमणुका आहेत. समोरच्या शर्माजींकडे चवळी, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे अंबाडी, आमच्याकडे शेवगा. आमचा शेवगा गच्चीवर ड्रममध्ये आहे. त्याला पाणी घालायला काकाच येतात. चवळी आणि अंबाडीलाही तेच घालतात.

दर रविवारी दुपारी काकांकडे आढावा बैठक. म्हणजे ते स्वतः रांधणार, आपण जेवणार आणि अभिप्राय देणार. अध्यक्ष धरून तिघं हजर असल्याशिवाय बैठक भरत नाही, असा त्यांचाच नियम. सुरुवातीला चांगली आठ-दहा माणसं यायची. सामानासाठी काका थेट दौलतगंजच्या बाजारात जायचे. तिथल्या दुकानदाराने त्यांना कोदो, म्हणजे आपलं हरीक नावाचं भरडधान्य, मोजून देताना आपुलकीनं विचारलं होतं, "बाबूजी, तोते पाले हैं क्या?" काकांनी तेही इतिवृत्तात घेतलं.

मग कुटकीचा प्रसंग घडला. कुटकी नावाचं एक बारीक, गुणी धान्य आहे. त्याच नावाची एक औषधी मुळीही आहे, आणि ती अशी कडू की कारल्यानं लाजावं. काका चुकून जडीबुटीच्या दुकानात शिरले आणि "कुटकी द्या, दळलेली" म्हणाले. त्या रविवारी थालीपिठाचा पहिला घास घेतल्यावर कुणी कुणाकडे पाहीना. भिडस्त शर्माजींनी मात्र पुरं एक थालीपीठ संपवलं आणि दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला जाऊ शकले नाहीत. काकांनी त्यांच्याकरता रजेचा अर्ज लिहून दिला. सर्व्हिस बुकात नोंद केली, "नामसाधर्म्यामुळे चुकीच्या व्यक्तीची नियुक्ती."

तेव्हापासून माणसं गळत गेली. आमची मुलगी तर सरळ म्हणाली, "आई, प्लीज़, मुझे मत भेजो. काकांकडे जेवण कमी, भाषण ज़्यादा." मी जात राहिले, पण मीही काही थोर नाही. मे महिन्यात ओळीनं तीन रविवार टाळले. पेपर तपासायचेत म्हणून सांगितलं. पेपर केव्हाच तपासून झाले होते.

जूनच्या पहिल्या रविवारी त्यांचं एक पातेलं परत करायला गेले. बाहेर अंग भाजत होतं. आत काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तीन ताटं मांडलेली, भांड्यांवर झाकणं. समोर इतिवृत्ताची वही उघडी होती. तिच्यात तीन रविवारांच्या तारखा आणि प्रत्येकीपुढे एकच वाक्य, "गणपूर्तीअभावी बैठक तहकूब."

"तहकूब म्हणजे? तुम्ही जेवलात की नाही?"

"नियम आहे ना बेटा."

मला एकदम राग आला. त्यांचा, आणि त्याहून जास्त माझा. "काका, रविवारी तरी पोळ्या ठेवा. लोक येतील. काय एवढं अडलंय त्या यादीवाचून?"

त्यांनी वही मिटली. "ती यादी दुनियेसाठी नव्हती केली," ते म्हणाले. "मी रिटायर झालो त्या दिवशी सुमन बोलली, तुम्ही तर सुटलात, माझी परात काही सुटत नाही. हसून बोलली ती. मी विचार केला, आठवड्यात एक दिवस घरात पोळीच नको. लाटता तर मला येत नाही, पण कोदो शिजवता येईल. पाणी टाका, झाकण ठेवा. मग वाचायला लागलो, तर कळलं, हे तर सगळ्यांच्याच कामाचं आहे. त्यातच गुंतलो. तक्ते बनवले, फाईल बनवली. दोन वर्षं बनवतच राहिलो. ती बाजूला बसून पोळ्या लाटत होती. पहिला मंगळवार नक्की केला, त्याच्या आधीच ती अ‍ॅडमिट झाली."

सुमनकाकू हॉस्पिटलातून परत आल्या नाहीत, हे मला माहीत होतं. चार वर्षं झाली त्याला.

"साऱ्या ऑफिसच्या छुट्ट्या मी मंजूर केल्या," काका म्हणाले. "गव्हाचं नुसतं नाव आहे, माधुरी. छुट्टी तिची होती."

 मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "वाढा, काका."

"दोघंच आहोत आपण."

"मी दोन माणसांचं जेवते. लिहा तसं."

ते उठले. "थांब, गार झालं असेल," म्हणून त्यांनी पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं. मी मदतीला उठू लागले तर हातानंच बस म्हणाले. मी बसून राहिले. त्यांनी वाफाळता कोदो ताटात वाढला, मधोमध खळगा करून त्यात आमटी ओतली, बाजूला लिंबाची फोड ठेवली. आई गेल्यापासून मला असं बसवून कुणी गरम वाढलं नव्हतं, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

कोदो जरा कच्चाच होता. मी दोनदा मागून घेतला.