एक कडवं, मग विसावा

आमच्या शेजारचे साळवे सर पेटी वाजवतात असं कोणी म्हणालं, तर मी लगेच दुरुस्ती करतो. सर पेटी उघडतात, हे खरं. एक कडवंही वाजवतात. त्यानंतर जे करतात त्याला वाजवणं म्हणत नाहीत. भाता सोडून देतात, दोन्ही हात मांडीवर ठेवतात, डोळे मिटतात आणि बसून राहतात. तेवढ्यात माझा चहा होतो, पिऊन होतो, कपही विसळून होतो. मग पुढचं कडवं.

सर तिसगावकडच्या शाळेतून निवृत्त झाले आणि नगरला आमच्या गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. बायको आधीच वारलेली, मुलगी सासरी. साठीनंतर माणसं गुडघे धरून बसतात. यांनी पेटी धरली. शिकवायला गुरू नाही, गळ्यात सूर नाही, तत्त्वज्ञान मात्र पोतंभर.

"सुधीरराव, दूध इरजलं की ढवळायचं नसतं. सूर बी तसाच. वाजवायचा आन् सोडून द्यायचा. त्यो आतल्या आत लागतो."

सरांचं दही लागलेलं मी तरी पाहिलं नाही. समोरच्या शिंदेवहिनी खिडकीतून विचारायच्या, "काय सर, पेटी मेली का?"

"न्हाई वैनी, मुरतीय."

"मुरू द्या. फक्त बरणीचं झाकण घट्ट लावा."

मला खरी काळजी आईची. बाथरूममध्ये पडल्यापासून ती अंथरुणावर आहे. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण पायानं काही बळ धरलं नाही, आणि चार वाक्यं बोलली तरी तिला धाप लागते. एके काळी तिनं आमच्या चर्चच्या संडेस्कूलमध्ये पोरांच्या दोन पिढ्यांना गाणी शिकवली. अशा बाईच्या उशाशी, एका भिंतीपलीकडे, हा प्रकार. मी सकाळी सुप्याला कंपनीत जातो, बायको शाळेत. दिवसभर तिला सुटका नाही.

एकदा विचारलं, "त्रास होतो का गं त्या पेटीचा?"

"कान शाबूत आहेत, तर होणारच."

मी चपला घालून सरांकडे निघालो, तर म्हणाली, "राहू दे. म्हाताऱ्याला दुसरं आहे काय?"

मग चर्चचे पेटीवाले मुलाकडे पुण्याला कायमचे गेले. कापणीचा सण तोंडावर आलेला, गायनमंडळ माझ्याकडे, आणि वाजवायला कोणी नाही. मन मारून सरांना विचारलं.

"रविवारी? छ्या! देवानं सहा दिवस काम केलं आन् सातव्या दिवशी हात झाडले. मी देवापेक्षा शाना हाय का?"

हा गृहस्थ रविवारी उपासनेलासुद्धा यायचा नाही. संध्याकाळी पाळकसाहेबांना घरी जाऊन भेटायचा, की झाली भक्ती.

"सर, सहा दिवस काम करणाऱ्याला सातवा दिवस मिळतो. तुम्ही सहाही दिवस विसावाच घेता."

"त्याचा बी थकवा येतो, सुधीरराव."

पाळकसाहेबांनी गळ घातली म्हणून शनिवारच्या तालमीला तेवढे आले. पहिलं कडवं बरं गेलं. आम्ही दुसऱ्यात उडी घेतली आणि पेटी गायब. सर डोळे मिटून बसलेले. बायका वर चढल्या, पुरुष खाली घसरले, तबला मधेच लोंबकळत राहिला. शेवटी सगळे गप्प झाले, तेव्हा सरांनी शांतपणे डोळे उघडले आणि दुसरं कडवं सुरू केलं.

मी म्हणालो, "सर, तुम्हाला पेटी नको, पलंग द्यायला पाहिजे. म्हणजे आडवं पडून रियाज करता येईल."

सगळे खदाखदा हसले. सरही हसले. पेटीवर कापड टाकत म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. मला एवढंच येतं." आणि पेटी उचलून चालते झाले. माझा विनोद मला झोपेपर्यंत पुरला.

पुढचं मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सण. नेहमीप्रमाणे आईच्या उशाशी पाणी आणि गोळ्या ठेवल्या, दार नुसतं लोटलं आणि आम्ही निघालो. दोन-अडीच तासांचा तर प्रश्न, असं मी दर रविवारी स्वतःला सांगतो. चर्चमध्ये पोचल्यावर लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. बायकोला तिथं सोडून गाडी फिरवली.

आमची सगळी गल्ली त्या वेळी चर्चमध्ये असते. चिटपाखरू नव्हतं. पण पेटी वाजत होती, आणि सरांच्या घरात नव्हे, आमच्या.

दाराच्या फटीतून पाहिलं. आई उशांना टेकून बसवलेली, केस विंचरलेले, अंगावर तिची चर्चची पांढरी शाल. खाली सतरंजीवर सर. आई गात होती. आवाज फाटलेला, पण शब्द स्वच्छ. कडवं संपलं आणि तिला धाप लागली. सरांनी भाता सोडला, हात मांडीवर घेतले, डोळे मिटले आणि तिचा श्वास ऐकत बसले. तो जागेवर आला तसे डोळे उघडले.

"चलायचं, बाई?"

"चला. आणि मघाशी काळी पट्टी सोडलीत. गाढवासारखे खाली कोसळलात."

"व्हय, बाई."

म्हणजे पेटी आईच्या दमावर बसवलेली होती. मी दार ढकललं.

"तू?" आई म्हणाली. "चर्च सुटलं?"

"चष्मा राहिला."

"टेबलावर आहे. घे आणि पळ."

"आई, मला सांगायचंस की."

"सांगितलं असतं तर तू घरी बसला असतास. तोंड पाडून. घड्याळ बघत."

 सर कापड शोधायला लागले होते. "बाईच म्हनल्या, कुनाला बोलू नका. आन् मला तरी काय, सुधीरराव, घरात कोन हाय गाढव म्हनायला?"

"सर, काल मी..."

"बसा. तिसरं कडवं ऱ्हायलंय."

खिशात फोन थरथरत होता. गायनमंडळ खोळंबलं होतं. तो बंद केला आणि सतरंजीच्या कडेला बसलो. तिसरं कडवं तिघांनी म्हटलं. मला सवय पुढं राहून इतरांना ओढून नेण्याची. कडवं संपलं आणि मी त्याच भरात चौथं उचललं.

पेटी थांबली होती. सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दमानं, सुधीरराव. बाई मागं ऱ्हायल्यात."