जेवणाच्या टेबलावरचा समुद्र

"समुद्र उचल, पानं घ्यायची आहेत," बायको म्हणाली.

जावईबापूंनी मान वर केली नाही. खुर्चीवर गुडघा टेकून, श्वास रोखून ते चिमट्यात धरलेलं एक घर किनाऱ्यावर ठेवत होते. घर काडेपेटीएवढं, पण त्याला दार होतं, खिडक्या होत्या. जेवणाचं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याच्या एका भल्यामोठ्या ट्रेने व्यापलं होतं, आणि त्या ट्रेमध्ये वाळू, खडी आणि माती मिळून केलेला त्यांच्या सासुरवाडीचा किनारा पसरला होता.

"अजून ओला आहे. हलवला तर खचेल."

"मग आपण जेवायचं कुठे?"

"ओट्यापाशी. उभ्यानं."

"खऱ्या किनाऱ्यावरची माणसं तरी बसून जेवतात," असं म्हणून बायकोने ताट त्यांच्या हातात दिलं.

खरं म्हणजे ते किनारा संरक्षण कार्यालयात अभियंता होते. तिथल्या टेबलावर त्यांच्या नावाची पाटी होती. पण ज्या वस्तीच्या समुद्राचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, नेमकी त्याच वस्तीतली मुलगी त्यांनी केली होती, आणि एका घरचा जावई म्हणजे अख्ख्या गल्लीचा जावई. अशा माणसाला लोक बसायला चांगली खुर्ची देतात, पंखा त्याच्याकडे वळवतात, चहात साखर जास्त घालतात. त्याचं ऐकत मात्र नाहीत.

काम तसं साधं होतं. समुद्र दर वर्षी थोडाथोडा किनारा खात होता आणि वस्तीची पहिली गल्ली आता त्याच्या तोंडाशी आली होती. मागे वरच्या माळावर जागा होती, तिथे नवी घरं बांधून द्यायची सरकारची तयारी होती. फक्त गल्लीने एकमुखाने हो म्हणायला हवं होतं, आणि तेही उधाणाचे दिवस सुरू व्हायच्या आत. नाहीतर योजना दुसऱ्या किनाऱ्याला जाणार होती. जावईबापूंनी लोकांचं मत घ्यायला दोन सभा घेतल्या. पहिल्या सभेत आलेख दाखवले. दुसऱ्या सभेत तेच आलेख रंगवून दाखवले. एकाने स्वतःपुरती भिंत बांधली की पाणी शेजाऱ्याकडे वळतं, हे त्यांनी दोन्ही वेळा घसा कोरडा करून सांगितलं. दोन्ही वेळा बिस्किटं संपली तशी सभाही संपली.

गल्लीचं म्हणणं एकच होतं. "काकू हलल्या तर आम्ही हलू."

काकू म्हणजे जावईबापूंच्या सासूबाई. त्यांचं घर सगळ्यात पुढे, आणि त्या घरात त्या एकट्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची विहीर समुद्रात गेली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तिलाच घाई होती." घर सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. ते होड्या बांधायचे. पुढच्या खोलीत त्यांचा कामाचा बाक अजून तसाच होता, पलंगाएवढा, जाड लाकडाचा, कडेने करवतीचे चरे पडलेला. जावईबापू गेले की त्याच बाकावर बसायचे आणि माळावर राहण्याचे फायदे सांगायचे. सासूबाई सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "चहा आणखी घालू?"

"आईला तू तयार कर," बायकोने बजावलं होतं. "उधाणात ती तिथे एकटी असली तर मला झोप लागणार नाही. आणि मला नाही लागली तर तुलाही लागू देणार नाही."

म्हणून हा टेबलावरचा किनारा. लोकांना आलेख दिसत नाहीत, पण स्वतःचं घर पाण्यात जाताना दिसेल, असा जावईबापूंचा हिशेब होता. बायको कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. घरं तिने दातांच्या साच्याच्या प्लास्टरची ओतली, त्यामुळे पहिली गल्ली थेट खालच्या जबड्यासारखी दिसत होती. सासूबाईंचं घर त्यातला पुढचा, हलणारा दात.

सभा रविवारी होती. स्वतः वरिष्ठ मॅडम येणार होत्या आणि त्यांचं भाषण तासाच्या आत कधी आटपल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मॉडेल आठवडाभर आधीच वस्तीतल्या शाळेच्या सभागृहात नेऊन ठेवलं, म्हणजे लोकांनी बघावं आणि विचार करावा. लोकांनी बघितलं. विचारही केला, पण समुद्राचा नाही.

पहिला आला बेकरीवाला. तो मॉडेलभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "जावईबापू, माझं धुराडं कुठाय?"

"हे पाणी कुठवर येईल ते दाखवायला आहे हो. धुराड्याचं काय काम?"

"धुराडं नाही म्हणजे बेकरी बंद पडली असं दिसतं. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

बायकोने दुपारच्या सुट्टीत धुराडं ओतलं. दुसऱ्या दिवशी निवृत्त पोस्टमास्तर फूटपट्टी घेऊन आले. बेकरीवाला त्यांचा शेजारी, आणि दोघांचं कुंपणावरून जुनं वाकडं होतं.

"हे कुंपण माझ्या बाजूला एक सूत सरकलंय," ते म्हणाले.

"काका, एका सुताने काय होतंय?"

"तुमच्या मापाने ते एक सूत म्हणजे माझा अर्धा संडास आहे."

कुंपण सरकवलं. ते बघून बेकरीवाल्याने ते परत सरकवून घेतलं. मग पोस्टमास्तरांना धुराडं आपल्या गच्चीपेक्षा उंच वाटलं. ही बातमी गल्लीत पसरली आणि रांग लागली. कुणाला व्हरांडा हवा होता, कुणाला निळा रंग. एकाने वरचा मजला मागितला.

"पण तुमच्या घराला वरचा मजला नाहीये."

"यंदा बांधणारच होतो. तुम्ही मध्येच हा समुद्र काढलात."

सासुरवाडीला नाही म्हणायची सोय नसते. जावईबापू रोज मागण्या घेऊन घरी यायचे, बायको रोज कामावर मजले ओतायची. शेवटी प्रयोगशाळेतलं प्लास्टर संपलं आणि कुणाच्या तरी पुढच्या दोन दातांचं काम पुढच्या आठवड्यावर गेलं. कुणाच्या, ते बघायला बायकोला फुरसत नव्हती.

गुरुवारी सासूबाई आल्या. त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या, आणि बराच वेळ आपल्या घराकडे पाहत राहिल्या. जावईबापूंना वाटलं, आता पटलं.

"विहीर कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, विहीर तर गेली ना."

"त्या पलीकडच्याचा नसलेला मजला आला. माझी तर असलेली विहीर होती."

यावर अभियांत्रिकीत उत्तर नाही. विहीर ठेवायची तर जमीन हवी, म्हणून जावईबापूंनी घरापुढे मूठभर वाळू थापली, किनारा पुढे सरकवला आणि त्यात बांगडीएवढी विहीर बसवली. सासूबाईंनी बोटाने तिचा काठ चाचपला आणि निघून गेल्या.

मग मात्र कुणाला धरबंधच राहिला नाही. बेकरीवाल्याची बाग गेली होती, ती आली. पोस्टमास्तरांचा आंबा गेला होता; फळं नकोत पण सावली तरी द्या, असं म्हणून त्यांनी झाड लावून घेतलं. मुलांचं खेळायचं मैदान आलं, होड्या ओढायची उतरण आली, जुना रस्ता आला. लोक येताना घरून वाळू घेऊन यायला लागले. इथे माझा भाऊ सायकल शिकला, इथे आम्ही जाळी वाळत घालायचो, असं एकमेकांना सांगत बसायला लागले. शनिवार संध्याकाळपर्यंत समुद्र वीस वर्षं मागे गेला होता. किनाऱ्याची धूप दाखवायला केलेलं सरकारी मॉडेल किनारा वाढल्याचं दाखवत होतं, आणि ते इतकं देखणं झालं होतं की जावईबापूंना ते बघून रडावं की हसावं कळेना.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. मॅडम आल्या त्या तोंडावर रुमाल धरूनच. जावईबापूंनी नमस्कार केला, तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. बायकोने त्यांच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि ती नवऱ्याच्या मागे सरकली.

"ते पुढचे दोन दात," ती कुजबुजली, "मॅडमचे होते."

अशा रीतीने तासाभराचं भाषण रद्द झालं आणि सभा थेट प्रात्यक्षिकावर आली. हात धुवायच्या नळाला रबरी नळी जोडून ती मॉडेलच्या समुद्रात सोडली होती. जावईबापूंनी नळ उघडला आणि फळीच्या तुकड्याने पाणी हळूहळू ढकलायला सुरुवात केली.

"जपून हो," मागून कुणीतरी म्हणालं.

नवी वाळू ठिसूळ होती. आधी मैदान गेलं. मग उतरण, मग बाग, मग पोस्टमास्तरांचं झाड आडवं होऊन तरंगायला लागलं. ज्या क्रमाने ते खरोखर गेलं होतं, त्याच क्रमाने. शेवटी विहीर कलली आणि बुडाली. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. जावईबापूंना वाटलं, कुठून ही दुर्बुद्धी सुचली.

"पुरे करा," पोस्टमास्तर म्हणाले आणि स्वतःच नळ बंद करायला धावले. त्यांनी तो इतक्या जोराने पिळला की नळाची मूठ त्यांच्या हातात आली आणि पाणी दुपटीने सुटलं.

आता वरची टाकी रिकामी होईपर्यंत थांबणं एवढंच उरलं होतं. पण गल्ली थांबणारी नव्हती. बेकरीवाल्याने बिस्किटांचे पुडे उचलून आपल्या बेकरीपुढे त्यांची भिंत उभी केली. पाणी भिंतीला थडकलं, वळलं आणि सरळ पोस्टमास्तरांच्या घरात शिरलं.

"तुझं पाणी माझ्या अंगावर घालतोस काय रे?" पोस्टमास्तर नळाची मूठ उगारत म्हणाले, आणि त्यांनी आपल्या घरापुढे दोन चपला आडव्या लावल्या. पाणी तिथून निळ्या घराकडे वळलं. निळ्या घरवाल्याने छत्री लावली.

"हेच मी दोन सभांत सांगत होतो," जावईबापू म्हणाले.

"मग असं दाखवायचं ना," बेकरीवाला म्हणाला. "आलेख काय दाखवत बसलात?"

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्या शांतपणे टेबलापाशी आल्या, पाण्यात हात घालून त्यांनी आपलं घर चिमटीत धरलं आणि अलगद उपटून ट्रेमधल्याच वरच्या माळावर नेऊन ठेवलं. मग गल्लीकडे वळून म्हणाल्या, "बघताय काय? उचला आपापलं."

एकच झुंबड उडाली. धुराडं, व्हरांडे, न बांधलेले मजले, सगळं भराभर माळावर गेलं. बेकरी आणि पोस्टमास्तरांचं घर पुन्हा शेजारीशेजारीच लागलं, आणि दोघांनी मध्ये कुंपणाच्या वादासाठी जागाही मोकळी ठेवली. उरलेलं पाणी टेबलावरून मॅडमच्या पायांवर ओघळलं. मॅडमनी रुमालाआडून "हं, हं" केलं आणि आपल्या वहीत "सर्वानुमते" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

जावईबापूंचा विश्वास बसेना. "आई, म्हणजे तुम्ही घर सोडायला तयार आहात?"

"घर सोडायला मी कधी नाही म्हटलं? ह्यांनी बांधलं, हे गेले, तेही जाईल. बाक निघत नाही."

"कसला बाक?"

"तुम्ही बसता तो. ह्यांनी तो आतच बांधला, दारातून बाहेर येत नाही. त्याला समुद्राला देऊन मी जायची नाही."

"अहो, मग हे मला आधी का नाही सांगितलंत? मी त्याच बाकावर बसून इतके दिवस..."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगत होतात."

बेकरीवाला पुढे झाला. "काकू, एवढंच ना? भिंत फोडू. घर समुद्रालाच द्यायचंय, त्याला धड कशाला द्यायचं?"

सासूबाई पहिल्यांदाच हसल्या.

पुढच्याच रविवारी जावईबापू आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये, तळमजल्यावर, कितीतरी दिवसांनी रिकाम्या झालेल्या टेबलाशी बसून जेवत होते. बायको गुणगुणत वाढत होती. आई उधाणात एकटी असणार नव्हती. माळावरचं घर तयार होईपर्यंत ती इथेच राहायला येणार होती, आणि या गोष्टीचा जावईबापूंनी नीट विचार करेपर्यंत बाहेर टेम्पो थांबला.

टेम्पोतून सासूबाई उतरल्या. त्यांच्यामागून बेकरीवाला, पोस्टमास्तर आणि अर्धी गल्ली उतरली. आठ जणांनी मिळून बाक खाली घेतला, दारापर्यंत आणला, उभा केला, आडवा केला, तिरका केला. पोस्टमास्तरांनी फूटपट्टी काढून दार मोजलं, बाक मोजला आणि मान हलवली.

"आता?" बायकोने विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सासूबाई जावयाकडे वळल्या. "ह्या वेळी आधी विचारते. जावईबापू, तुमचं मत काय?"

जावईबापूंनी मत दिलं. क्वार्टर सरकारी आहे, भिंतीला हात लावायला तीन कार्यालयांची परवानगी लागते, शिवाय आत बाक ठेवला तर जेवणाचं टेबल कुठे जाणार, असं सगळं त्यांनी मुद्देसूद मांडलं. त्यांचं बोलणं सगळ्यांनी शांतपणे, शेवटपर्यंत, मध्ये एक शब्दही न बोलता ऐकून घेतलं.

मग बेकरीवाल्याने हातोडा उचलला.