तात्यांचा गव्हर्नर

तात्या सोवनी भेटले की तब्येत विचारत नाहीत, चहा झाला का विचारत नाहीत. "गव्हर्नर पुन्हा निवडून आले बरं का," एवढं सांगून बाकावर बसतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, मुंबईची काही बातमी असेल. मग कळलं, हा गव्हर्नर अमेरिकेतला, आणि त्याला मरून दोनशे वर्षं होत आली. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हा तिथल्या एका राज्याचा हा कारभारी. त्याचं नाव तात्यांनी मला शंभरदा सांगितलं. माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी नाद सोडला.

आम्ही दोघं राहत होतो जपानात, टोकियोच्या एदोगावा भागात, एकाच इमारतीत, आपापल्या मुलांकडे. आमची मुलं तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीवर. ती कामावर गेली आणि नातवंडं शाळेत गेली की आम्हा म्हाताऱ्यांना खालच्या बागेतला बाक. मी चौथीपर्यंत शिकलेली. तात्या साताऱ्याला तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. त्यांच्या तोंडून तिचा विषय कधी निघाला नाही. निघायचा तो गव्हर्नराचा.

गव्हर्नराचं चरित्र त्यांना साताऱ्यात रद्दीच्या दुकानात मिळालं होतं. जाडजूड इंग्रजी पुस्तक. शेवटची पंधरा-वीस पानं रद्दीवाल्याने आधीच भेळवाल्याला दिलेली. उरलेल्याचं तात्या मराठी करत होते, मोठ्या वह्यांत, समास सोडून, आणि तेही कचेरीच्या मराठीत. गव्हर्नर लढाईला निघाला की ते लिहायचे, "मा. गव्हर्नर दौऱ्यावर रवाना." त्याला ताप आला की "वैद्यकीय रजेवर". एकदा म्हणे गव्हर्नराने रागाने राजीनामा लिहिला आणि रात्रभर झोपून सकाळी फाडून टाकला. तात्यांनी समासात लाल शाईने शेरा मारला, "योग्य केले."

त्या राज्यात गव्हर्नराची मुदत एका वर्षाची. दर वर्षी निवडणूक. तात्या म्हणायचे, आपल्यापेक्षा त्यांचं बरं, आपली मुदत तीन महिन्यांची. आमचा व्हिसा तेवढाच असतो. मुदत संपली की घरी जायचं, सुनेला गरज पडली की पुन्हा निवडून यायचं.

जपानात कचऱ्याचे वार ठरलेले असतात. जळणारा एका दिवशी, बाटल्या दुसऱ्या, कागद तिसऱ्या. बाकी सगळे ह्याला वैतागतात, तात्या खूश. इमारतीतल्या नव्या मराठी पोरींना ते पिशव्या उघडायला लावायचे आणि वर्गवारी तपासायचे. एकीच्या बाटल्यांत चहाचा चोथा सापडला, तर म्हणाले, गव्हर्नरांच्या राज्यात ह्याला दंड होता. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, हे पुस्तकात आहे का. म्हणाले, "अजून नाही."

गणपतीत आमच्या लोकांनी एक हॉल घेतला होता. तात्यांना दहा मिनिटं बोलायला सांगितलं, विषय गणपती. तिसऱ्या मिनिटाला ते अमेरिकेत पोचले. हॉल पाचला रिकामा करायचा होता. पाच वाजता तिथला जपानी रखवालदार पुढे आला आणि कमरेत वाकला. तात्यांना वाटलं, भाषण आवडलं. तेही वाकले. तो आणखी खाली वाकला, मग हेही. शेवटी त्यांच्या मुलाने त्यांना तसंच वाकलेलं बाहेर नेलं.

असा माणूस एकदम गप्प झाला. पुस्तक जिथे फाटलं होतं तिथवर ते येऊन पोचले होते. गव्हर्नर निवडणूक हरला, सामान गाडीत घातलं, बायकोला शेजारी बसवलं, गाडी गावाकडे वळली, आणि पान संपलं. मुलगा म्हणाला, बाबा, इंटरनेटवर पुढचं सगळं आहे, एका मिनिटात काढतो. तात्या म्हणाले, उद्या. तीन आठवडे उद्याच चाललं होतं. व्हिसाची मुदत संपायला आठ दिवस उरले होते. मला राहवेना. "तात्या, त्या माणसाला एकदाचं मारा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

मग मीच माझ्या मुलाला सांगितलं, गव्हर्नराचं नाव तात्यांच्या मुलाकडून लिहून घ्यायला लावलं. त्याने ऑफिसातून छापील कागद आणला आणि मला मराठीत समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी बाकावर तो मी तात्यांच्या हातात दिला. त्यांनी घडी उघडली नाही. कागद खिशात घातला.

"ताई, तुम्हाला ठाऊक असेल ना? आधी कोण गेलं?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी कागद त्यांच्याच खिशात होता.

"ती," मी म्हटलं. "घरी गेल्यावर दुसऱ्याच थंडीत. तो पुढे अकरा वर्षं जगला."

"आणि त्या अकरा वर्षांचं काय लिहिलंय?"

"एक ओळ आहे. शेतावर राहिला, म्हणून."

आता त्यांनी कागद काढला. ती ओळ बोटाने शोधली, वाचली, परत वाचली. कारकुनाला अर्धवट फाईल मिळाली की येतो तसा राग त्यांना आला.

"लढाईला चाळीस पानं आणि ह्याला एक ओळ? अकरा वर्षं माणूस करतो काय? सकाळी उठून पहिलं काय करतो? ताई, मला दोन वर्षं झाली, मला कळलेलं नाही."

माझे यजमान गेले त्याला चौदा वर्षं झाली, तेवढं मी सांगितलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून वही काढली, कोरं पान घेतलं, समास दुमडला, पेनचं टोपण काढलं.

"तुम्ही काय केलंत?"

"पहिलं वर्षभर भात दोघांचा लावत होते," मी म्हटलं. "हात ऐकत नव्हता. उरलेला सकाळी फोडणी देऊन खायचे."

तात्या लिहायला लागले. "मा. गव्हर्नर पहिले वर्षभर भात दोघांचा लावीत."

मी म्हटलं, तिकडे भात खात नसतील, पाव लिहा.

"असू दे," तात्या म्हणाले. "दुसऱ्या वर्षाचं सांगा."