दहापैकी नऊ

आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत दिघे मास्तर समोरून आले की लोक वाट बदलत. मास्तर कुणाला शिवी देत नसत, इंग्रजी वाक्प्रचार देत. दूध केंद्रावर पुढच्या बाईची बाटली धरून ठेवायचे नि म्हणायचे, "कालचा वाक्प्रचार. वाक्यात उपयोग करा, मग सोडतो."

मागून रांग बोंबलायची, "मास्तर, चहा खोळंबलाय ना!"

"मग चहावर वाक्य करा!"

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. लग्न नाही, कुणी नाही. पेन्शनीत निघाले तरी खडू खिशातच.

माझी बायको गेली तेव्हा सगळी चाळ येऊन बसली. तेरावं झालं नि माणसं यायची बंद झाली. मग मास्तर आले. म्हणाले, "परब, पाठ करा. टू वर्क वन्स फिंगर्स टू द बोन. बोटं हाडापर्यंत झिजवणं, म्हणजे मरमर कष्ट करणं. उद्या सकाळी माझ्या खोलीवर या. वाक्यात उपयोग करा."

मी चौथीत शाळा सोडलेला. भडकलोच. "डोकं फिरलंय काय मास्तर? माझी चूल पेटत नाय नि तुम्ही शाळा काढताय?"

"आठ वाजता," म्हणाले नि गेले.

घरात बसवत नव्हतं, म्हणून गेलो. शेजारच्या पोराकडून जुळवून घेतलेलं वाक्य छाती काढून म्हटलं, "परब वर्क्ड हिज फिंगर्स टू द बोन इन द मिल."

"बोटं दाखवा." चष्मा लावून त्यांनी ती उलटसुलट बघितली. "चांगली गुबगुबीत आहेत. चार मार्क. उद्या या."

दुसऱ्या दिवशी चाळीच्या सेक्रेटरीवर वाक्य केलं. "शून्य! धादांत खोटं!" मास्तर ओरडले. मला हसू फुटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

असं रोज चाललं. एका सकाळी भाकरीचं पीठ शोधताना हाताला तिचं लाटणं लागलं. गिरणी बंद पडली तेव्हा लोकांचे पापड लाटून तिनेच घर ओढलं होतं. लाटणं मधोमध झिजून बारीक झालेलं. तेच घेऊन गेलो.

"शी वर्क्ड हर फिंगर्स टू द बोन."

"शी कोण? नाव घाला."

तिचं नाव मी कधी घेतलंच नव्हतं. जन्मभर 'अगो' म्हणूनच हाक मारली. गेल्यावर तर तोंडातून निघेना. लाटणं मास्तरांपुढे ठेवलं नि म्हटलं, "शेवंती." मग पुढचं सगळं, न चुकता.

मास्तरांनी लाटण्याच्या खोलगट भागावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "दहापैकी नऊ."

माझं टाळकं सटकलं. "एक मार्क कशाचा कापला? काय खोटं आहे त्यात?"

"काही नाही." मास्तरांनी पाठ फिरवून स्टो पेटवला, दोन कप पाणी ठेवलं. "पुरे मार्क दिले की मुलं परत येत नाहीत, परब."

मी पाट ओढून बसलो. म्हटलं, "साखर जरा जास्त टाका. नि उद्याचा वाक्प्रचार कठीण द्या."